आईची बाटल्यांची परीक्षा

वडील बांधकामावरून पडले अन् त्यांची कंबर कायमची गेली, तेव्हा मी बारावीत होतो. आमच्या गावात, अमडापुरात, आई शेतात निंदायला, कापूस वेचायला जायची. उन्हाळ्यात तेही काम नसायचं. मग चूल एकदाच पेटायची. कॉलेजचा विषय घरात कोणी काढत नव्हतं.

चिखलीच्या एका खाजगी माती परीक्षण प्रयोगशाळेत आईला काचेची भांडी धुण्याचं काम लागलं. त्याच भरवशावर मी बी.एस्सी.ला नाव घातलं.

आईला वाचता येत नाही. तेल, रॉकेल, फवारणीचं औषध, सगळं ती झाकण उघडून वासावरून ओळखायची. तिथंही तिनं तेच केलं. अमोनियाची बाटली नाकाला लावली अन् खोकत खाली बसली. प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "उद्या काही झालं तर मी काय उत्तर देऊ? वाचता येत नाही, तर काम बंद."

तिथल्या केमिस्ट मॅडमनी आईला शिकवायला आठवडाभराची मुदत मागून घेतली; मग साहेबांनी तिची परीक्षा घ्यायची असं ठरलं. सुरक्षेचं प्रशिक्षण त्याच द्यायच्या. इंग्रजी कागद बाजूला सारून त्या आईजवळ बसल्या अन् बाटलीवरचं लाल चौकटीतलं चित्र दाखवलं.

"मावशी, यात काय दिसते?"

"हातावर काहीतरी सांडून राह्यलं. हात खाऊन राह्यलं."

"बरोबर. हे ॲसिड. पाण्यात ॲसिड टाकाचं, तेही थोडं थोडं. ॲसिडमधी पाणी कधीच नाही. तापल्या तेलात पाणी टाकता का तुम्ही?"

"मले काय येडी समजता, वो?"

"मंग तसंच हे. अन् पुन्हा वास घेसान तं नाक बांधून ठेवीन."

घरी आई मला चित्रं काढायला लावायची अन् एकेकाचा अर्थ सांगायची. "ही मासोळी मेली. म्हंजे हे नालीत ओताचं नाही."

वडील खाटेवरून म्हणायचे, "मेलीच हाय तं रस्सा कर."

परीक्षेच्या दिवशी काय झालं, ते मॅडमनी मला नंतर सांगितलं. आईनं आधी चष्मा अन् हातमोजे घातले. चित्रं पाहून प्रत्येक बाटलीचा धोका सांगितला. शेवटी साहेबांनी एक कोरी बाटली पुढं केली.

"ही कशाची? वास घेऊन पाहा."

"नाही घेत."

"काऊन?"

"हिच्यावर चित्र नाही, चिठ्ठी नाही. मी हात नाही लावत. मॅडमले सांगीन."

साहेबांनी बाटली मागं घेतली अन् "उद्यापासून या" म्हणाले.

मॅडमचे हे उपकार मी उघडपणे सांगतो. आईचं काम टिकलं. त्या पगारावर मी बी.एस्सी. झालो, आमच्या घरातला पहिला पदवीधर.