पाचवा नट

त्याला सगळे आवळे म्हणायचे. नव्या गिऱ्हाइकांना ते आडनाव वाटायचं. एकाने तर पत्रावर 'श्री. आवळे' असंच लिहून पाठवलं होतं. ते नाव मी ठेवलेलं. बावीस वर्षं आमची दुकानं भिंतीला भिंत लावून होती, त्याचं चाकांचं आणि माझं गाड्यांच्या वायरिंगचं. एवढ्या सहवासात माणसाला नावं ठेवायचा हक्क मिळतो.

चाकाचा नट हाताला घट्ट लागला की बाकीचं जग आवळायचं थांबतं. हा त्यानंतर पान्यावर उभा राहायचा. आधी एक पाय, मग दुसरा, आणि वर एक हिसका. मी म्हणायचो, "अरे, चाक बसवतोयस की पुरतोयस?" तो पाना उचलून पुढच्या नटाकडे वळायचा. उमेदीच्या काळात त्याने बसवलेलं एक चाक रस्त्यात निखळलं होतं आणि एका ड्रायव्हरचा पाय गेला होता. हा जादा हिसका तेव्हापासूनचा. त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी घालायचोच, माझी जीभ काही गप्प बसत नाही.

स्वतःच्या मुलीच्या गाडीची चाकं तर तो दर दोन महिन्यांनी तपासायचा आणि पुन्हा आवळायचा. चाक बदलायलाही तिला त्यानेच शिकवलं होतं. बारा मिनिटांत बदलायची पोरगी. हा घड्याळ लावून बसायचा आणि मग दिवसभर मला ऐकवायचा.

एका दुपारी त्याच्या बायकोच्या छातीत दुखायला लागलं. आवळे गावाबाहेर एका बंद पडलेल्या ट्रकखाली होता. मुलीने आईला मागच्या सीटवर निजवलं आणि गाडी काढली. निम्म्या वाटेत मागचं चाक पंक्चर झालं. तिला वाटलं, बारा मिनिटांचं तर काम. पान्यावर उभं राहून तिने चार नट सोडवले. पाचवा हलेना. एकच तर राहिलाय, म्हणून ती दुसरी गाडी थांबवायच्या भानगडीत पडली नाही. पान्यावर उड्या मारल्या, तळहात सोलले, पाना घसरून घसरून नटाचे कोपरे गोल झाले. आतून आई विचारत होती, "दमलीस का गं?" शेवटी तिने एका टेम्पोवाल्याला हात केला, तोवर चाळीस मिनिटं उलटली होती. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. संध्याकाळ व्हायच्या आत आई गेली.

मुलीने मग एकच धोशा लावला. "माझ्यात जोर कमी पडला." भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगायची, कोरड्या डोळ्यांनी. आवळे ऐकायचा आणि जमिनीकडे बघायचा.

पंधरा दिवसांनी आम्ही ती गाडी ओढून त्याच्या दुकानासमोर आणली. मी म्हटलं, "गॅसने कापून टाकू. दोन मिनिटांत विषय संपेल."

"कापायचा नाही," तो म्हणाला. "आत गंज आहे का, ते बघायचंय मला."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गंज असेल तर नट आपोआप धरला होता. गंज नसेल तर तो याच्या हिसक्याने धरला होता. नट कापला असता तर कुणालाच काही कळलं नसतं, आणि आता मला तेच हवं होतं.

त्याने नटावर रॉकेल सोडलं. एक नंबर लहान सॉकेट हातोडीने ठोकून त्यावर बसवलं, पान्याच्या दांड्याला हातभर लांब पाइप लावला. अडकलेला नट काढायचा तर आधी तो केसभर आणखी आवळायचा असतो. पकड मोडते, मग उलटा फिरवायचा. हे त्यानेच मला शिकवलेलं. त्याने पाइप धरला आणि तसाच उभा राहिला.

"काय झालं?"

"माझ्याच्याने आवळवत नाही रे."

मग मी आवळला. कट्ट असा आवाज झाला. त्यानंतर दोघांनी मिळून पाइपवर भार टाकला. माझ्या कमरेत कळ आली, त्याला धाप लागली, तेव्हा कुठे नट सुटला. त्याने तो फडक्याने पुसला आणि उजेडात धरला. आतले आटे लख्ख होते.

"इथे थोडा गंज दिसतोय बघ," मी म्हटलं.

"वायरमन," तो म्हणाला, "तू आपलं वायरीतलं बघ."

तो तसाच घराकडे निघाला, तेलकट हातांनी. मी मागोमाग गेलो. वाटेत त्याला म्हटलं, गंज होता म्हणून सांग, तिलाही बरं वाटेल आणि तुलाही. मला त्याचा राग येत होता आणि कीवही येत होती.

मुलगी आईच्या साड्यांच्या घड्या घालत बसली होती. तिने माझ्यासाठी खुर्ची सरकवली. आवळेने नट तिच्यासमोर ठेवला.

"गंज नव्हता. मीच आवळला होता. आज आम्हा दोघांना पाइप लावूनही निघत नव्हता."

तिने नट उचलून हातात फिरवून बघितला. मग म्हणाली, "म्हणजे मी कमी पडले नाही?"

"नाही. तू कमी पडली नाहीस. मीच जास्त केलं."

तेव्हा ती रडली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच, मोठ्याने, हातातल्या साडीच्या घडीत तोंड खुपसून. आवळे तिच्याजवळ जायला उठला.

"तुम्ही नको, बाबा," ती म्हणाली. "आत्ता तुम्ही नको."

तो परत खाली बसला. मग मीच उठून तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तिचा बाप समोर बसून बघत राहिला.