तुषारचं मागे उरलेलं

शाळा सुटायच्या बेतात शेवगावहून अक्काचा फोन आला. "शालू, तुषार गेला गं..." एवढंच बोलली. तिचा मुलगा, माझा भाचा, जेमतेम विशीतला. दुखणं माहीत होतं, त्याचा शेवटही माहीत होता, तरी फळ्यावर लिहीत होते ते वाक्य अर्धंच राहिलं.

लहानपणी त्याच्या पोटऱ्या अशा भरदार, की बघणारा म्हणायचाच, "पैलवान होनार हाय ह्यो." भाऊजींनी हौसेनं तालमीत घातला, बैठका मारायला लावल्या. तो पडायचा, मांडीवर हात टेकत टेकत उठायचा, आणि आम्हाला वाटायचं अंग चोरतोय. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं, ती ताकद नव्हतीच. आईकडून मुलाकडे येणारा, स्नायू झिजवणारा आजार होता, आणि भरदार पोटरी हेच त्याचं लक्षण. आमचा थोरला भाऊ असाच कोवळ्या वयात गेलेला. तरी आम्ही कौतुकानं म्हणायचो, "मामावर गेलाय!" आठवलं की अजून जीभ झडावी असं वाटतं.

व्हीलचेअर आली, पण त्याचं तोंड काही थांबलं नाही. "मावशी, तुझी वर्गातली पोरं उभी ऱ्हाऊन नापास होत्यात, मी बसून पास," म्हणायचा. पुढे एका प्रयोगशाळेनं त्याचं रक्त मागितलं. त्यातल्या पेशींपासून मूळपेशी तयार करायच्या, त्यांतून त्याच्याच स्नायूंच्या, हृदयाच्या पेशी वाढवायच्या आणि औषधं आधी त्यांच्यावर करून बघायची. अक्का हरखली. तिला वाटलं, पोराला आता औषध मिळणार. तुषारला मात्र पक्कं ठाऊक होतं. सही करताना मला हळूच म्हणाला, "माझ्या वाटंला न्हाई यायचं ते. पन उद्या मनीषाताईला पोरगा झाला तर..." मनीषा त्याची सख्खी थोरली बहीण; आजार तिच्याही रक्तातून पुढे जाऊ शकत होता.

प्रवरासंगमला अस्थी सोडून आल्यावर काही दिवसांनी प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला. पेशी वाढताहेत, काम पुढे चालू ठेवू का? अक्का भडकली. "अस्थी सोडल्या, मग हे कशाला मागं? माझं लेकरू अर्धं तिकडं अडकलंय. परत द्या, तेबी पान्यात सोडते." मी शास्त्र सांगायला गेले, तर मलाच उडवून लावलं. बाळंतपणाला माहेरी आलेली मनीषा दाराशी उभी होती, पोटावर हात ठेवून. मला अक्काचा राग आला आणि दयाही आली.

बाईंनी मग अक्काच्या मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. काचेच्या बशीत एक फिकट ठिपका, लयीत आकसतोय, सैलावतोय... तुषारच्या हृदयाच्या पेशी. हे त्यानं बघायला हवं होतं. काय काय बोलला असता! उशीर झाला, ही हळहळ काही जात नाही.

अक्का बघतच राहिली. "हालतंय की गं."

"त्याचंच आहे, अक्का."

तिनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "जित्या जिवाला पान्यात कसं सोडू? ऱ्हाऊ दे तिकडंच."

आता सकाळी चहा टाकला की ती मोबाईल मनीषाच्या हातात देते. "लाव गं, बघू उठलाय का."