माझ्या नातीची कावीळ

गेल्या चैत्रात मी अवघी एकाहत्तर वर्षांची होते. अल्लड वय. त्या वयात वाटतं, आपण सगळं सांभाळून घेऊ, फक्त तोंड चाललं पाहिजे. आणि माझं तोंड तर जन्मापासून चालतंय.

नातीला रक्ताचा कॅन्सर निघाला तो त्याच्या आधीच्या दिवाळीनंतर. चोवीस वर्षांची पोर, इंदूरात भंवरकुआं भागातल्या एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायची. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मुलगा आणि सून बाकड्यावर नुसते बसून राहिले. मी मात्र घरी पोचेपर्यंत ठरवून मोकळी झाले की बाहेर कावीळ सांगायची. मुलीचं लग्न व्हायचंय, आणि इथे आमचे मराठी लोक सगळे एकमेकांच्या नात्यातले नाहीतर ओळखीतले. मुलगा म्हणाला, आई, हे लपवण्यासारखं आहे का? मी म्हटलं, तू औषधांचं बघ, लोकांचं मी बघते.

आणि बघितलं हो मी. कावीळ काय रंगवली! पोरगी कोचिंगखालच्या ठेल्यावर काहीबाही खाते, पाणी तिथलंच पिते, मग लिव्हर सुजेल नाही तर काय. केस गेले तेव्हा म्हटलं, तापाने गेले. महिला मंडळातल्या बायका हळहळायच्या आणि मला आतून गुदगुल्या व्हायच्या. खोटं इतकं झकास जमतंय याचा त्या बाईला, म्हणजे मला, चक्क अभिमान होता.

आमच्या मंडळाच्या सेक्रेटरी माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि मनाने फार चांगल्या. त्या कुणा पीलिया, म्हणजे कावीळच, झाडणाऱ्याकडे जाऊन झाडाच्या मुळ्यांची माळ घेऊन आल्या. ती गळ्यात घालायची, रोज लांब होत खाली उतरते, तसतसा पीलियाही उतरतो म्हणे. नातीने ती माळ घालूनच किमोची बॉटल चढवून घेतली. नर्सने विचारलं तर म्हणाली, दादी का फैशन है. आम्ही दोघी खूप हसलो.

फाल्गुनात सेक्रेटरीबाई स्टीलच्या डब्यात उसाचा रस घेऊन आल्या. नाक्यावरच्या चरखीचा, वर बर्फ घातलेला. बाहेरचं, कच्चं काही द्यायचं नाही हे डॉक्टरांनी दहादा बजावलं होतं, कारण जंतूंशी लढायला तिच्या रक्तात काही उरलंच नव्हतं. पण कावीळ झालेली मुलगी उसाचा रस नको कशी म्हणेल? नातीने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी दटावलं. तिने पेला संपवला.

इथे मला स्वतःची थट्टा करता येत नाही. करून पाहिली.

तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. पंधरवडाभर आयसीयूत होती. वाचली, पण पुढच्या औषधासाठी राखून ठेवलेले सगळे पैसे त्यात गेले. विमा तर आधीच संपला होता. रसाचं घरात कुणी नाव काढलं नाही, त्यापेक्षा मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नवं औषध चैत्रातल्या एका सोमवारी सुरू व्हायला हवं होतं. उशीर करू नका, आजार आपल्यासाठी थांबत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर एका खोलीत एक लहानशी संस्था आहे. ती पेशंटच्या घरच्यांना जेवणाचे डबे देते, बाहेरगावच्यांना राहायला खोली देते, आणि ज्यांचं अडलंय त्यांच्यासाठी मोबाईलवरून आवाहन करून पैसे उभे करते. तिथल्या ताईंनी नातीचा फोटो मागितला. मी म्हटलं, निदान डोक्यावर ओढणी घे. तिने घेतली नाही. "आजी, मागायचंच आहे तर तोंड दाखवून मागू."

दोन दिवस पैसे येत राहिले. तिच्या विद्यार्थ्यांचे आले, आणि ज्यांना आम्ही जन्मात पाहिलं नाही अशांचेही आले. तिसऱ्या दिवशी अचानक थांबले. ताईंनी मला खाली बोलावलं आणि एक मेसेज दाखवला. आमच्या मंडळाच्या ग्रुपवरून निघून तो गावभर फिरत होता. 'सावधान! या फोटोतली मुलगी आपल्या समाजातली आहे. तिला कावीळ झाली आहे, असे तिच्या आजींनी स्वतः सांगितले आहे. तिच्या फोटोवर कुणीतरी ठग पैसे गोळा करत आहेत. कुणीही पाठवू नये. तक्रार करा.' खाली सेक्रेटरीबाईंचं नाव.

"दादीजी, कागज तो सही हैं, हमने सब देखे हैं," ताई म्हणाल्या. "पर आपके अपने लोग बोल रहे हैं कि पीलिया है. उनको कौन समझाएगा?"

मी तिथूनच सेक्रेटरीबाईंना फोन लावला. सांगितलं, आवाहन खरं आहे. मग त्या हळूच म्हणाल्या, काकू, तुमच्याजवळ कुणी उभं आहे का? तुम्हाला धमकावतंय का? आजकाल आवाजसुद्धा नकली करतात म्हणे. आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

वर गेले तर नातीने मेसेज वाचलेला होता. भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, "आजी, तुझी कावीळ माझ्या कॅन्सरपेक्षा जोरात पसरली गं." मला हसू आलं आणि मी तिथेच खाली बसले.

सोमवार गेला. औषध आलं नाही.

गुरुवारी मंडळात चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. हॉस्पिटलची फाईल छातीशी धरून मी रिक्षाने गेले. आंब्याच्या डाळीच्या वाट्या फिरत होत्या, पन्ह्याचे पेले भरत होते. मी माईकपाशी गेले तशा बायका सरसावून बसल्या. दरवर्षी मी तिथे नकला करते ना. पुढच्या रांगेतली एक तर आधीच हसायला लागली. पाच महिने कावीळ तासतासभर सांगणारी ही बाई, तिच्या तोंडून एक शब्द निघेना. शेवटी म्हटलं, "माझ्या नातीला कॅन्सर आहे. रक्ताचा. कावीळ मी लावली होती."

कुणीतरी म्हणालं, आता हे काय नवीन? एकीने फाईल मागितली आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत उलटून पाहिली. मी भिंतीला टेकून उभी होते. सेक्रेटरीबाई जवळ आल्या, डोळे भरलेले पण आवाज करडा. "काकू, आम्ही इतक्या परक्या होतो?"

त्यांनी तिथेच उभ्याउभ्या नवा मेसेज लिहिला, स्वतःची चूक झाली असंही लिहिलं. चूक त्यांची नव्हती. रसाचं मात्र मी त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही. ते माझ्यापाशीच राहू दे.

पैसे पुन्हा येऊ लागले आणि औषध सुरू झालं, नऊ दिवस उशिरा. आषाढात तपासणी झाली, आजार गेलेला नव्हता. मी डॉक्टरांना गाठून विचारलं, त्या नऊ दिवसांमुळे का? त्यांनी फाईल मिटली. माताजी, ये कोई नहीं बता सकता. तेव्हापासून मी हा प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारलेला नाही, स्वतःलाच विचारते.

आता आणखी एक औषध आहे. शेवटचं, असं कुणी म्हटलेलं नाही, पण यापुढच्या औषधाचं नाव कुणी घेत नाही. म्हणून दुसरं आवाहन. या वेळी मजकूर मी लिहिला. चांगला दोन पानं, अगदी दगडाला पाझर फुटेल असा. नातीने पेन घेतलं आणि पलंगावर टेकून तो कापत गेली. 'बिचारी' काढलं, 'कोवळी कळी' काढलं, आमच्या खानदानाचा परिच्छेद तर सगळाच काढला. तिचं नाव, वय, आजार आणि औषध एवढंच ठेवलं. खाली माझं नाव घालू की नको, मी विचारलं. "घाल," ती म्हणाली, "लोक तुलाच ओळखतात."

आज सकाळी ताईंनी ते पाठवलं. आत्ता साडेअकरा होतायत. मी आतापर्यंत चौदा वेळा मोबाईल उघडून पाहिला.