अक्कांची क्रूझ

मल्लेश्वरमच्या घरात आम्ही खाली राहायचो आणि थोरले दीर-जाऊ वर. नव्वदच्या दशकात दिरांनी टाइमशेअर घेतलं, म्हणजे दरवर्षी एक आठवडा रिसॉर्टमध्ये हक्काची खोली. एका वर्षी तो आठवडा देऊन त्यांनी सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझवर केबिन मिळवली.

"फुकटच पडली गं!" जाऊ जिन्यातूनच ओरडल्या. त्यांना मी अक्का म्हणायचे. "सरी, सरी," असं कानडीत 'बरं, बरं' म्हणत मी कणकेवर राग काढला.

परत आल्यावर त्यांनी फोटो दाखवले. डेकवर अक्का चक्क पंजाबी ड्रेसमध्ये उभ्या होत्या. मला राहवेना. "खरंच फुकट पडलं का हो?" मी दिरांना विचारलं.

"कसलं फुकट! विमान, बंदराचा कर, अदलाबदलीची फी, वर दरवर्षीचा मेंटेनन्स. एजंटकडून सरळ तिकीट काढलं असतं तर स्वस्तात झालं असतं."

मला केवढं बरं वाटलं! तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "पडू दे महाग. सकाळी डोळे उघडले की कुणीतरी चहा आणून द्यायचं, आणि खिडकीत नुसता समुद्र."

लग्न झाल्यापासून मला अंथरुणात चहा कुणी दिला नव्हता. मग मात्र माझा अगदी जळफळाट झाला.