वीस म्हणजे वीस

माझा थोरला भाऊ एका सार्वजनिक हॉलची देखभाल करतो. सव्वीस वर्षं झाली. फरशी, दिवे, पंखे, माइक आणि तीनशे खुर्च्या, सगळा कारभार त्याचा. पगार बेताचाच, पण नियमाच्या बाबतीत दादा सरकारपेक्षा कडक. साथीच्या काळात कुठल्याही समारंभाला वीसच माणसं असा हुकूम निघाला आणि लोक दादाला ‘वीसवाले’ म्हणायला लागले.

त्याची पद्धत सोपी होती. कुणाला समजावत बसायचं नाही. लांब लांब वीस खुर्च्या मांडायच्या, बाकीच्या दोनशे ऐंशी कोठीत टाकायच्या आणि कोठीला कुलूप. बसायलाच जागा नाही म्हटल्यावर माणूस भांडून भांडून किती भांडणार? पण लोक भांडायचेच. वर्षभर घरात कोंडलेली माणसं ती. चिडायला कुणीतरी समोर हवं होतं, आणि हुकूम काढणारे काही हॉलच्या दारात सापडत नव्हते. सापडायचा दादा. एका म्हातारीच्या शोकसभेला तिचा सख्खा पुतण्या एकविसावा निघाला. दादानं त्याला खिडकीबाहेर उभं केलं. त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नाही, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा वीसच खुर्च्या मांडल्या.

अशात त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. नोंदणी पद्धतीनं, याच हॉलमध्ये. मुलाचे मामा बस चालवतात आणि घरातसुद्धा हॉर्न वाजवल्यासारखे बोलतात. वीस हा आकडा कानावर पडताच ते तरातरा हॉलवर आले.

“माझ्या बसमध्ये रोज साठ माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात. तिथे हा रोग चढत नाही, आणि माझ्या भाच्याच्या लग्नात बरा चढतो?”

“नियम मी नाही केला,” दादा म्हणाला.

“पण पाळता तुम्हीच ना!”

खरं सांगते, मला मामांचंच पटलं होतं. बाजारात रेटारेटी चालते आणि लग्नात नाही, हे कुठलं शहाणपण? तिकडे शेजारीपाजारी तर टपूनच बसले होते. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. बघा, स्वतःच्या मुलीच्या वेळी कोठी उघडते की नाही!

कोठी उघडली नाही. दादानं यादी केली. नवरा-नवरी, नोंदणी अधिकारी, फोटोवाला धरून वीस. माझ्या नवऱ्यालाही त्यानं कापलं. हे आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मला तेवढीच शांतता मिळाली.

लग्नाच्या सकाळी पालिकेचा तपासनीस यादी घेऊन दारात उभा राहिला. बाहेर रस्त्यापलीकडे मुलाकडची चाळीसएक माणसं तोंडं पाडून अंतरा-अंतरावर उभी होती. आत सगळे बसले. मुलगी मागे वळून म्हणाली, “बाबा, बसा ना आता.”

दादानं हॉलभर नजर फिरवली. एकही खुर्ची रिकामी नव्हती.

मी तपासनिसाच्या हातातली यादी पाहिली. वीस नावं दादाच्या सुबक अक्षरात, आणि खाली ‘कर्मचारी एक’, त्यापुढे त्याचं स्वतःचं नाव. दर समारंभाला लिहितो तसंच. पाहुण्यांत स्वतःला धरायचं त्याला सुचलंच नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा!

“एक खुर्ची काढ कोठीतून,” मी म्हटलं. “एकानं काय आभाळ कोसळणार आहे?”

“एकवीस होतील.”

“अरे, बाप आहेस तू तिचा!”

“त्या पुतण्याची ती सख्खी काकू होती,” दादा म्हणाला. “मी दारात उभा राहतो. कर्मचाऱ्याला परवानगी आहे. दिसतं इथून.”

मुलीनं पेन खाली ठेवलं. “मग मी सही करणार नाही.”

वहिनी रडायला लागली. मी उठणारच होते. आत्याचं काय, आत्या बाहेरूनही बघेल. पण माझ्याआधी मामा उठले.

“व्याही, किल्ल्या आणा इकडे. आजच्यापुरता हॉलचा कर्मचारी मी.”

“अहो, पण तुमचा भाचा...”

“दारातून दिसतं, असं तुम्हीच म्हणालात ना आत्ता? मला तर मागचं आरशात बघायची सवय आहे. बसा!”

दादानं तपासनिसाकडे पाहिलं. तपासनीस म्हणाला, “आत वीस, कर्मचारी एक. माझी काही हरकत नाही.” तरी दादानं यादी मागून घेतली. कर्मचाऱ्यासमोरचं आपलं नाव खोडलं, मामांचं घातलं. मामांच्या जागी लिहिलं, ‘वधूपिता’. मगच बसला. गुडघे जुळवून, परक्याच्या घरी बसावं तसा.

तेवढ्यात बाहेरची दोन माणसं हळूच पायरी चढली. मामांचेच भाऊबंद.

“मागे व्हा! वीस म्हणजे वीस!” मामा असे कडाडले की फोटोवाल्याचा हात हलला. सगळा हॉल हसला. दादाही हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. मी त्याच्या हातात रुमाल कोंबला.

अधिकाऱ्यांनी घसा खाकरला. “सगळे आले का? सुरू करू?”

मुलीनं वळून तिसऱ्या रांगेत बसलेल्या बापाकडे पाहिलं.

“आले सगळे,” ती म्हणाली आणि तिनं पेन उचललं.