सूनबाई फळ्यापाशी उभी राहते

आमची सूनबाई चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसते. आसपासच्या अर्ध्या लोकांच्या नाकांची मापं तिला तोंडपाठ आहेत. तिच्याबरोबर रस्त्याने चालायचं म्हणजे शिक्षाच. दर दहा पावलांवर कुणीतरी अडवतं, "ताई, दांडी सैल झाली हो," आणि ही तिथल्या तिथे पर्समधून बारका पेचकस काढते. दांडी घट्ट होईपर्यंत त्या माणसाच्या घरची ख्यालीखुशालीही विचारून होते. माणसांपुढे तिची जीभ कधी अडखळली नाही. पण फळा दिसला की तोंडाला कुलूप.

ते जुनं दुखणं आहे. लग्नाआधी ती कॉलेजात गणित शिकत होती. एकदा तिथल्या मास्तरांनी फळ्यापाशी बोलावलं आणि अर्ध्या वाटेत हिची गाडी रुतली. "बसा खाली, सगळ्यांचा वेळ कशाला घालवता," असं ते म्हणाले आणि वर्ग खो खो हसला. ही खाली बसली ती बसलीच. दुसऱ्या दिवसापासून कॉलेज बंद. घरी सांगितलं, डोकं दुखतंय. ते डोकं पुढे वीसेक वर्षं दुखत राहिलं.

मग नातीचा अभ्यास घेता घेता हिला पुन्हा गणिताची चटक लागली. चाळिशीला टेकलेली बाई, तिने कॉलेजात नाव घातलं! मुलगा माझ्याकडे आला, "आई, तू जरा समजाव तिला." मी म्हटलं, "मला गणित कळत नाही आणि तुला बायको कळत नाही. आपण दोघांनी गप्प बसलेलं बरं."

बाकीचे विषय तिने धडाधड संपवले. कागदावर लिहायचं असलं की ती वाघीण. शेवटी एक सेमिनार तेवढा उरला. तो काय प्रकार, ते मी भाजी निवडता निवडता विचारून घेतलं.

"ह्यात सर शिकवतच नाहीत, आई. एकेकाला एकेक गोष्ट नेमून देतात. ती आपल्या डोक्याने सिद्ध करायची आणि फळ्यापाशी उभं राहून सगळ्यांना समजावायची. पुस्तकात बघायचं नाही. सर मागच्या बाकावर बसतात."

"मग पगार कशाचा घेतात?"

"गप्प बसण्याचा. ऐकणाऱ्याला शंका आली तर त्यानेच म्हणायचं, 'पटलं नाही.' त्याला पटवल्याशिवाय पुढे जायचं नाही."

"म्हणजे तुझा नवराच बसलाय म्हणायचा समोर."

हसली, पण पोटातून नाही. आपला नंबर ती सारखी पुढे ढकलत होती. कधी दुकानात माल यायचा असे, कधी घसा बसे. ढकलत ढकलत गोष्ट सत्राच्या शेवटच्या दिवसावर आली. त्या दिवशी पुरं झालं नाही तर सगळा विषय पुढच्या वर्षी पुन्हा. भांडी पुसता पुसता ती मला म्हणाली, "ह्या वेळीही खाली बसले ना आई, तर मग मी परत जाणार नाही. पुढच्या वर्षीही नाही." रडली असती तर मी समजूत घातली असती. ती शांतपणे बोलली आणि पुढचं ताट पुसायला घेतलं.

नेमकं त्याच आठवड्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. थोड्या थोड्या वेळाने थेंब घालायचे, आणि दिवसा घरी दुसरं कुणी नाही. "तुम्हाला एकटं टाकून कशी जाऊ?" म्हणाली. पळवाट शोधत होती बिचारी. मी म्हटलं, "टाकू नकोस, घेऊन चल. बसेन कोपऱ्यात."

उंच खिडक्यांची लांबट खोली. बाकांवर कोरलेली नावं, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. मी काळा चष्मा लावून आत शिरले तशी पोरं चटकन उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, वरून कुणी तपासणीला आलंय. सर मागच्या बाकावर सरकले आणि मला शेजारी जागा दिली. काडीसारखा माणूस, बोलणं मात्र मऊ. "आजी, नीट दिसतंय ना?" "एका डोळ्याने दिसतंय," मी म्हटलं. "कळायचं दोन्हींनी बंद आहे."

पुढच्या बाकावर केसात पेन्सिल खोचलेली एक मुलगी बसली होती. तिला वर्गात शंकासुर म्हणतात, हे मला घरीच कळलं होतं. हसत नाही, मान डोलवत नाही, नुसती बघते.

सूनबाईने खडू घेतला. तिची गोष्ट अशी होती: एका खोलीत काही माणसं जमली आहेत. कोण कोणाला ओळखतं, कोण नाही. हा त्याला ओळखतो तर तोही ह्याला ओळखतोच, असं धरायचं. तर त्या खोलीत निदान दोन माणसं अशी निघतातच, की त्यांच्या तिथल्या ओळखी मोजल्या तर आकडा सारखा येतो. घरी मी म्हटलं होतं, "असतील की सारख्या, त्यात काय." त्यावर ती म्हणाली होती, "'असतील' चालत नाही, आई. असायलाच पाहिजेत."

पहिलं वाक्य तिने दोनदा म्हटलं, पण गाडी निघाली. समजा माणसं पाच. मग एकेकाच्या ओळखी एक, दोन, तीन किंवा चार. आकडे चार आणि माणसं पाच. चार खुर्च्यांवर पाच जण बसवले तर एका खुर्चीत दोघं येणारच. म्हणून दोघांचा आकडा सारखाच. मला चक्क समजलं! मी खूष होऊन सरांकडे बघितलं, तर ते ओठ चावत होते.

"पटलं नाही," शंकासुर म्हणाली. "ज्याला खोलीत कुणीच ओळखत नाही, त्याचं काय? त्याचा आकडा शून्य. मग आकडे पाच झाले. पाच माणसं, पाच खुर्च्या. प्रत्येकाला आपापली."

सूनबाईचा खडूचा हात तिथेच थांबला. शून्य ओळखीचा माणूस तिच्या डोक्यातच आला नव्हता. येणार कसा? असा माणूस दिसला तर ही त्याला चष्म्याचा नंबर विचारून मोकळी होईल.

पंखा तेवढा कुरकुरत होता. ती फळ्याकडे बघत होती आणि मी तिच्या पाठीकडे. मग तिने वळून पहिल्या बाकाकडे बघितलं. तिथली तिची स्वतःची जागा रिकामीच होती, जाऊन बसायला. मला राहवेना. सरांच्या बाहीला धरून मी कुजबुजले, "अहो, सांगा ना तिला काहीतरी!"

"आजी, मला बोलायला बंदी आहे," तेही कुजबुजले.

"कुणी घातली?"

"मीच." बघते तर त्यांच्या कपाळावर घाम, आणि बाकाखाली पाय नाचतोय. माझ्याहून त्यांचीच दशा वाईट.

"मी अडलेय," सूनबाई म्हणाली. अगदी स्पष्ट, दुकानात 'ही फ्रेम संपलीय' म्हणते तशी. मी डोळे मिटून घेतले. आता हसतील.

कुणी हसलं नाही. एक पोरगा म्हणाला, "ताई, पाच जरा जास्त होतात. तीन घेऊन बघा."

ती खाली बसली नाही. तिने सगळं पुसलं आणि तीन टिंबं काढली. "हा शून्य. ह्याला कुणी ओळखत नाही. पहिल्या दिवशी ह्या वर्गात मीच होते ती." पोरं हसली, तीही हसली. "हा एकाला ओळखतो. आणि हा दोघांनाही ओळखतो, म्हणजे सगळ्यांना..." हात पुन्हा थांबला. "अगंबाई! सगळ्यांना कसा ओळखेल? ह्या शून्यवाल्याला ओळखलं तर तो शून्य राहतोच कुठे?"

मग काय विचारता! खडू मोडला, दुसरा घेतला. कुणालाच न ओळखणारा आणि सगळ्यांना ओळखणारा एका खोलीत राहू शकत नाहीत. एक आला की दुसऱ्याची खुर्ची बाहेर काढायची. म्हणजे पाच माणसांना पुन्हा खुर्च्या चारच. माणसं कितीही असोत, खुर्ची एक कमीच पडणार. शेवटची रेघ ओढून ती वळली आणि थेट शंकासुराकडे बघत राहिली.

शंकासुराने केसातली पेन्सिल काढली, हिशेब करून बघितला, परत खोचली. "पटलं."

शेजारी सरांनी एवढा मोठा श्वास सोडला की मी दचकले. त्यांनी वहीत एक खूण केली आणि म्हणाले, "पुरं झालं. चहा घेऊन या सगळ्यांनी."

बाहेर आल्यावर सूनबाई जिन्याच्या पायरीवर मटकन बसली. "जरा थांबू, आई." मी शेजारी टेकले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. पाठ घामाने भिजली होती. मग तिला रडू आलं, हसूही आलं, दोन्ही एकदमच. माझ्याही छातीवरचं ओझं नुकतंच उतरलं होतं, तिथे जरा वारा लागू दिला.

तेवढ्यात शंकासुर जिना उतरून आली आणि चुळबुळत समोर उभी राहिली. जवळून बघितलं तर आमच्या नातीहून फार मोठी नाही.

"ताई, चहानंतर माझा नंबर आहे. हात गार पडलेत. आधी एकदा ऐकाल का माझं?"

सूनबाईने पदराने नाक पुसलं आणि तिला पायरीवर जागा करून दिली. "बस. पण पटलं नाही तर तोंडावर सांगेन हं."

"सांगा," पोरगी म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली.

मी उठले आणि तिघींसाठी चहा आणायला गेले.