गोड्या पाण्याचा सारंग

हर्बर्ट कोरिया हा गोड्या पाण्याच्या बार्जवर सारंग आहे, बार्ज तोच चालवतो. धक्क्यावर जागा मिळेपर्यंत जी जहाजं बंदराबाहेर नांगर टाकून उभी असतात, त्यांना तो प्यायचं पाणी नेऊन देतो. बार्जच्या टाक्या भरायच्या, जहाजाच्या कुशीला लागायचं, पाईप वर द्यायचा, पाणी संपलं की परत फिरायचं. उभा जन्म त्याने हेच केलं. घर जवळच, माझगावात.

त्याचा मुलगा रॉयस्टनही पाण्यावरच गेला, पण मोठ्या जहाजावर. तीन वर्षांपूर्वी ओमानच्या बाजूला खराब हवेत डेकवरचे सैल झालेले दोर आवळायला गेला आणि लाटेने नेला. शोध झाला, सापडला नाही. कंपनीचा फोन हर्बर्टने बार्जवर घेतला. "बरं," म्हणाला, आणि समोरच्या जहाजाचं पाणी पुरं करूनच घरी आला.

तेव्हापासून तो तसाच आहे. जेवतो, दाढी करतो, ड्युटीला जातो. तू रडत कसा नाहीस म्हणून बेट्टी, त्याची बायको, आधी चिडायची. नंतर तीही गप्प झाली. दर नोव्हेंबरात चर्चमध्ये मेलेल्यांसाठी प्रार्थनेची मिस्सा होते, तेव्हा रॉयस्टनचं नाव घालू का, असं फादर विचारायचे. ती म्हणायची, "नको. सापडला कुठे आहे अजून?"

मागच्या थंडीत एका जुनाट जहाजाच्या परदेशी मालकाने फोन उचलणंच बंद केलं. जहाज माणसांवाचून सोडता येत नाही, म्हणून त्यावरची खलाशी पोरं तिथेच अडकली. त्यांना पाणी द्यायचं काम हर्बर्टकडे आलं. पाईप घ्यायला जहाजाचा कुक प्रफुल्ल शिडीने खाली उतरायचा आणि टाकी भरेपर्यंत बार्जवर चहा पीत बसायचा.

"त्या टॉवरच्या मागे माझं घर, अंकल. परळला. आई फोनवर विचारते, काय दिसतं रे तिथून."

"मग?"

"काय सांगणार? टॉवर दिसतात."

एकदा त्याने सहज विचारलं, "तुमचं पूर्ण नाव काय?"

"हर्बर्ट कोरिया."

प्रफुल्लने कप खाली ठेवला. "माझगावचे? रॉयस्टनचे कोण तुम्ही?"

"बाप."

"मी होतो त्याच्या जहाजावर," प्रफुल्ल म्हणाला. त्याने वर डेककडे पाहिलं. मग म्हणाला, "तो बाहेर पडला तेव्हा मी दारातच होतो. लाट दिसली मला. नंतर तो दिसला नाही. ओरडलापण नाही, अंकल."

हर्बर्ट पाईपकडे बघत होता. "टाकी भरली का बघ जरा," तो म्हणाला. प्रफुल्ल वर गेला.

परतताना आपल्याला आत काही होतंय का, हे हर्बर्टने नीट पाहिलं. काही होत नव्हतं. इंजिनाची थरथर हातात येत होती, तेवढंच.

घरी बेट्टी बोंबील साफ करत होती. त्याने प्रफुल्ल म्हणाला ते सगळं जसंच्या तसं सांगितलं. तिने सुरी थांबवली नाही. शेवटी म्हणाली, "जेवला होता का?"

"कोण?"

"रॉयस्टन. त्या दिवशी. रिकाम्या पोटी गेला काय?"

"विचारलं नाही मी."

"विचार. कुक आहे ना तो, त्याला ठाऊक असेल."

पुढच्या खेपेला हर्बर्टने विचारलं. प्रफुल्लला आठवावं लागलं नाही.

"जेवला होता. डाळभात आणि तळलेला बांगडा. जहाज इतकं हलत होतं की बाकीचे उलट्या काढत पडलेले. हा एकटा बसून जेवला. वर मला म्हणाला, मीठ कमी आहे."

हर्बर्टने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बेट्टी पाटावर बसली. "त्याला मीठ जास्तच लागायचं," ती म्हणाली, आणि उठता उठता, "फादरना सांग. मिस्सा ठेवूया त्याची."

मिस्सा झाली. बेट्टी खूप रडली. माणसं येऊन हर्बर्टचा हात दाबत होती आणि त्याला तो हात दुसऱ्याच कुणाचा वाटत होता. प्रफुल्लला येता आलं नाही.

पावसाळ्याआधी कोर्टात त्या जहाजाचा निकाल लागला आणि पोरं सुटली. प्रफुल्लने दोघांना परळला जेवायला बोलावलं. तिथे बेट्टीने त्याला पुन्हा पहिल्यापासून विचारलं: रॉयस्टन किती वाजता उठायचा, कुणाशी भांडायचा, झोपायचा कुठे. प्रफुल्ल सांगत राहिला, त्याची आई वाढत राहिली. हर्बर्ट ऐकत होता. सगळं कळत होतं त्याला. मुलगा कुणा दुसऱ्याचा असावा तसं.

आता बेट्टी अधूनमधून एकटीच परळला जाते. प्रफुल्ल पुन्हा जहाजावर गेलाय, तरी त्याच्या आईकडे जाऊन बसते. हर्बर्ट तिला बसमध्ये बसवून देतो आणि धक्क्यावर जातो. नांगरावर बरीच जहाजं उभी आहेत.